राहता पत्ता

हवालदाराची सायकल ओहोळापलीकडे दिसली आणि सोमीने हातातली लाकडे तिथेच टाकली. अडीच महिने ती याच माणसाची वाट पाहत होती. पोलिसाची अशी वाट पाहणारी बाई सफाळ्याच्या आसपास दुसरी नसेल.

पाडा रिकामा होता. भात झोडून झाले की सगळी घरे दार लावून वीटभट्टीवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. गेल्या साली सोमीही गेली होती. तिचा नवरा जिवल्या तेव्हा तुरुंगात होता. भातलावणीनंतर तो बोईसरला एका गोदामाची राखण करायला लागला आणि तिथल्या पिंपांत पोलिसांना नशेच्या गोळ्या सापडल्या. मालक पसार झाला, राखणदार सापडला. अमली पदार्थांच्या कायद्यात जामीन सहसा मिळतच नाही, असे वकिलाने आधीच सांगितले होते. तरी त्याने अर्ज केला. पत्ता तपासायला पोलीस आला, त्याला पाड्यावर कुत्रेसुद्धा भेटले नाही. आरोपीला कायमचे घर नाही, सोडला तर पळून जाईल, असे कागदावर चढले आणि अर्ज फेटाळला गेला.

सोमीने ते फार मनाला लावून घेतले. घर नाही म्हणजे काय? कुडाच्या भिंती तिने स्वतः लिंपल्या होत्या. यंदा वकिलाने मुंबईच्या मोठ्या कोर्टात अर्ज टाकला, तेव्हा तिने भट्टीवर जायचेच नाही असे ठरवले. जाऊ नवसीने तिला वेड्यात काढले. मुकादम टोळी घेऊन या वेळी पार उंबरगावाकडे गेला, आणि सोमी एकटी मागे राहिली. अंगण सारवायचे, कंद खणून खायचे, लाकडाची मोळी सफाळ्याला विकून झटपट परत यायचे. दार सताड उघडे. भाकर मात्र दोघांची थापली जायची, मग तिचा तिलाच राग यायचा.

हवालदार बळवंतराव पाणी प्याला. मग घरात डोकावला, माळ्यावर पाहिले, मागच्या कुंपणाआड पाहिले. घर नीट तपासतो आहे म्हणून सोमी खूश झाली. तिने हौसेने कणगीसुद्धा उघडून दाखवली.

"कुठं लपवलंस त्याला?" हवालदाराने विचारले.

मग एकेक कळत गेले. पत्ता तपासायला कोणी न येताच जामीन मिळून महिना झाला होता. दर सोमवारी बोईसरला पोलिसांकडे हजेरी लावायची, या अटीवर जिवल्या ठाण्याच्या जेलातून सुटला होता. वकिलाचे पत्र सफाळ्याच्या पोस्टात पडून होते, कारण रिकाम्या पाड्यावर टपाल कोण आणणार? चार सोमवार गेले, जिवल्या फिरकलाच नाही. आता वॉरंट निघाले होते. सापडला की जामीन रद्द, आणि मग खटला संपेपर्यंत सुटकेचे नाव नको.

सोमीने कणगी परत झाकली. सुटला आणि आपल्याकडे आला नाही, हेच तिला वॉरंटपेक्षा जास्त लागले.

"आधी भिवंडीला दिसला," हवालदार म्हणाला. "मग पडघ्याला, मग शहापूरला. एकाही भट्टीवर काम मागत नाही, कुठं दोन दिवस टिकत नाही. फरारी माणूस असाच वागतो."

सोमीने मान वर केली. लग्न झाल्यापासून ती दोघे जिथे जिथे विटा पाडायला गेली, तीच ही गावे. गेल्या साली ती जेलात भेटायला गेली, तीही भिवंडीच्या भट्टीवरूनच. या दिवसांत सोमी घरी असेल, हे जिवल्याच्या स्वप्नातही आले नसते.

"सायेब, तो पलाला नाय," ती म्हणाली. "तो मला सोदत हाय."