मुंगीचा बाप्तिस्मा

“फादरांना काय सांगू?” बायकोने विचारलं.

“सांग, नको म्हणतोय.”

वेल्डर टेबलाशी बसून नखांतली काजळी काढत होता. समोर त्यांची मुलगी खुर्चीचा पाय धरून उभं राहायची खटपट करत होती. वर्षाची व्हायला आली तरी सगळे तिला मुंगीच म्हणत. दिवस भरायच्या बरीच आधी जन्मली, तेव्हा ओंजळीत मावेल एवढीच होती. इस्पितळातल्या नर्सने मुंगी म्हटलं आणि तेच चिकटलं. खरं नाव बायकोने मनात ठरवून ठेवलं होतं. पण ते पहिल्यांदा उच्चारायचं ते बाप्तिस्म्यालाच, असा तिचा हट्ट.

“कारण तरी सांगशील?”

“कारण काही नाही. नको.”

त्यांचं लग्न चर्चमध्येच झालं होतं. पण वडील गेले आणि वेल्डरचं मन तिथून उडालं. रविवारी तो बायकोला आणि सासूला सोडायला जायचा आणि मिस्सा संपेपर्यंत फाटकाशी उभा राहायचा. ते फाटक त्यानेच बनवलेलं. उभ्याउभ्या बिजागरीला तेल घालायचा, कडी हलवून बघायचा. “आमच्या जावईबापूंची सगळी भक्ती फाटकावर,” सासू शेजारणींना सांगायची.

माणूस वाईट नव्हता. मुंगी काचेच्या पेटीत होती, तेव्हा त्याने दिला तेवढा धीर कुणीच दिला नव्हता. ऑपरेशननंतर बायको वरच्या मजल्यावर पडून होती, तिला खाटेवरून उठायची मनाई होती. तो खाली मुलीपाशी बसायचा आणि मग वर येऊन सांगायचा, “काही होत नाही तिला. तुझ्यासारखी चिवट आहे.” डॉक्टर काय म्हणाले, असं विचारलं तरी हेच. त्या एका वाक्यावर मी तग धरला, असं बायको पुढे ज्याला त्याला सांगायची.

म्हणूनच त्याचं हे ‘नको’ तिला कळेना.

एकदा सासूने सरळ विषय काढला. “जावईबापू, तुमचं तुमच्यापाशी. पोरीला का दाराबाहेर ठेवता?”

“ती कुठल्याच दाराबाहेर नाही, आई.”

“मग आत घ्या की तिला.”

त्याने ताट बाजूला सारलं आणि कामावर निघून गेला.

घरात बोलणं कमी झालं. पाणी हवं का, चावी कुठे आहे, एवढंच उरलं. एके दिवशी धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालता घालता बायको म्हणाली, “या रविवारी मी बाप्तिस्मा करून घेणार आहे. तू ये, नाहीतर नको येऊस.”

तो बघत राहिला. त्याला न विचारता तिने आजवर पडदाही बदलला नव्हता.

“आपण काही जन्माला पुरणार नाही तिला,” ती म्हणाली. “आपण नसलो तरी कुणीतरी तिला आपली म्हणायला हवं. मला तेवढंच पाहिजे.”

त्याने ढिगातला एक फ्रॉक उचलून त्याची घडी घातली. मग म्हणाला, “येतो.”

आदल्या दिवशी फादरांनी दोघांना बोलावून घेतलं. चर्चमागच्या खोलीत प्लास्टिकच्या खुर्च्या होत्या आणि भिंतीशी मेणबत्त्यांची खोकी रचलेली होती. फादर म्हातारे होते, सावकाश बोलायचे.

“लोकांना वाटतं, हे बारसं आहे. फ्रॉक, फोटो, जेवण. पण त्या पाण्याने मूल ख्रिस्ताचं होतं, आणि आपणा सगळ्यांचं. उद्या मोठी होऊन ती इकडे फिरकली नाही, आम्हाला शिव्या घातल्या, तरी ती इथलीच. म्हणून ते एकदाच, मग ते कुणाच्याही हातून होवो. परत घेता येत नाही, दुसऱ्यांदा देताही येत नाही.”

“नाहीच?” वेल्डरने विचारलं. इतका वेळ तो जमिनीकडे बघत होता.

“नाहीच.”

बायकोला तो प्रश्न झोंबला. घरी परतताना ती म्हणाली, “सुटायची वाट शोधत होतास ना?”



रविवारी तो फाटकाशी थांबला नाही. इस्त्रीचा सदरा घालून त्यांच्याबरोबर आत आला. ओळखीच्या लोकांनी सरकून जागा दिली. कुणी त्याच्या पाठीवर हात ठेवला. सासूचे डोळे भरून आले.

बाप्तिस्म्याच्या कुंडाशी सगळे उभे राहिले. मुंगीने आईच्या केसांची बट मुठीत घट्ट धरली होती. फादरांनी विचारलं, “मुलीचं नाव काय ठेवता?”

बायकोने नाव सांगितलं.

फादरांनी पाण्याची झारी उचलली. तेवढ्यात वेल्डरने त्यांचं मनगट धरलं.

बाकांवर कुजबुज झाली. सासूने डोळे मिटून घेतले. बायको अगदी हळू म्हणाली, “इथे नको रे. आता नको.”

“फादर, हे खोटं होईल.”

“तुमचा विश्वास नसला, तरी आईचा आहे,” फादर म्हणाले. “तेवढा पुरतो.”

“तसं नाही.” तो फादरांकडे बघत नव्हता, बायकोकडे बघत होता. “तिला मिळालाय बाप्तिस्मा. मीच दिला. पेटीच्या भोकातून हात घातला आणि बाटलीच्या टोपणातलं पाणी तिच्या डोक्यावर सोडलं. पिता, पुत्र, पवित्र आत्मा, सगळं म्हटलं.”

फादरांनी झारी खाली ठेवली.

“केव्हा?” बायकोने विचारलं.

“डॉक्टर म्हणाले, ही संध्याकाळपर्यंत राहत नाही. तेव्हा.” तो थांबला. “आणि मग वर तुझ्याकडे आलो.”