फाइन

कल्पना करा, तुमची आई बोटीवर कामाला आहे आणि फक्त रविवारी दिसते, तीही फोनच्या पडद्यावर. चिमीचं तसंच होतं. आईने "कशी आहेस?" विचारलं की चिमीचं उत्तर ठरलेलं, "फाइन."

"पोपटासारखं बोलतेस, अर्थ ठाऊक आहे का?" एकदा आजोबांनी चिडवलं.

"तुम्हीच सांगा ना."

"मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ शेवट. सुतार खुर्चीवर शेवटचा हात फिरवतो ना, तसं. ज्यात आता काही उणं उरलं नाही, ते फाइन."

चिमी विचारात पडली.

रविवारी फोन वाजला. "कशी आहे माझी बबडी?"

चिमीने ओठांवर आलेला शब्द गिळला आणि फोन हळूच वळवून जेवणाच्या टेबलाशी असलेल्या आईच्या रिकाम्या खुर्चीसमोर धरला.