साधी हवा

टायरवाल्याने नायट्रोजनचा पाइप ट्रेलरपर्यंत ओढत आणला, तेव्हा ट्रेलर चालवणारी बाई केबिनमधून उतरून म्हणाली, "साधी हवा भरा."

"अहो ताई, साधी हवा लवकर उतरते. नायट्रोजन टिकतो, आत ओल धरत नाही, रिम गंजत नाही. एकदा भरला की महिनाभर चाकांकडे बघायला नको."

"खरं आहे तुमचं. साधी भरा."

"पहिल्या खेपेला फुकट भरून देतो."

"फुकटही नको. अडाणी म्हणा हवं तर."

टायरवाला वैतागला. "घरात कोणी पुरुषमाणूस असेल तर त्यांना तरी विचारा."

"ते काय, बरोबरच आलेत."

ट्रेलरच्या पलीकडून ठक ठक आवाज येत होता. एक म्हातारा एका हाताने ट्रेलरचा आधार घेत, पाय ओढत चालला होता. दुसऱ्या हातातल्या लोखंडी दांड्याने एकेक टायर ठोकायचा, कान लावून ऐकायचा, मगच पुढे सरकायचा.

"माझे बाबा. गाडी मला त्यांनीच शिकवली. अर्धांगाचा झटका आला आणि डॉक्टरांनी त्यांचं स्टिअरिंग बंद केलं, सिगारेट बंद केली, जिना चढणं बंद केलं. पण रोज सकाळी माझ्याआधी उठून चाकं तेच बघतात. त्यांनी हो म्हटल्याशिवाय मी गाडी हलवत नाही."

टायरवाल्याने म्हाताऱ्याकडे पाहिलं.

"जा ना," ती म्हणाली. "आता महिनाभर बघायला नको, हे तुम्हीच सांगा त्यांना."