सेत्योचा ठिपका

“आधी नीट विचार कर, दादा. एकदा कंपनीचं कुलूप तोडलं की पुढे काही झालं तर कंपनी हात वर करते,” रुसमिनी म्हणाली. आयफोन तिच्या हातात होता, पण तिने अजून त्याला वायर जोडली नव्हती.

जाकार्ताच्या मोबाइल बाजारात तिसऱ्या मजल्यावर तिचा गाळा होता. मोटारसायकलवर भाडी मारणारे चालक फोनचं हे कुलूप तोडून, म्हणजे जेलब्रेक करून घ्यायला तिच्याकडेच यायचे. फोनला खोटी जागा दाखवता आली, की माणूस घरी लोळत पडला तरी भाड्याच्या ॲपच्या नकाशावर स्टेशनसमोर उभा दिसतो आणि चांगली भाडी त्यालाच मिळतात.

मार्हादीला तिने नेहमीचे तोटे ऐकवले. नवे अपडेट घेता येणार नाहीत, बँकेचं ॲप चालणार नाही, कोणीही आत शिरून डोकावेल, आणि पकडलं गेलं तर भाड्याच्या ॲपवरचं खातं कायमचं बंद. एवढं करून परवडतं का, ते ज्याचं त्याने ठरवायचं.

“परवडतं,” मार्हादी म्हणाला.

फोन त्याचा नव्हता, धाकट्या भावाचा, सेत्योचा होता. भाडी मारायचा तो सेत्यो. मार्हादी टोफूच्या कारखान्यात सोयाबीन दळायचा. गावी, वोनोगिरीला, आई होती. ईद झाली की तिच्या हृदयाचं ऑपरेशन व्हायचं होतं आणि तोवर तिच्या जिवाला घोर लागेल असं काही होऊ देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

घोर लागायला सेत्यो पुरेसा होता. मागच्या ईदेपासून माय-लेकांचं बोलणं बंद होतं. भांडण कशावरून झालं ते दोघांनीही मार्हादीला सांगितलं नाही. दोघंही सारखेच हट्टी. पण भांडणाच्या आधी सेत्योने आपला जुना फोन आईला दिला होता आणि त्यातल्या नकाशावर दोन्ही मुलांचे ठिपके दिसायचे. आई अंथरुणावर पडल्या पडल्या दिवसभर ते बघायची. सेत्योला फोन करायची नाही, पण त्याचा ठिपका दुपारी खाणावळीपाशी थांबला की मगच स्वतः जेवायची.

गेला आठवडाभर सेत्योचा फोन मार्हादीच्या खोलीवर पडून होता. सेत्योला ताप आलाय, असं आईला सांगून झालं होतं. आता ताप उतरवायला हवा होता.

“मग तूच का नाही हा खिशात घालून फिरत?” त्याने आईचं आणि ठिपक्यांचं सांगितल्यावर रुसमिनीने विचारलं.

तसं केलं तर दोन्ही ठिपके दिवसभर टोफूच्या कारखान्यात दिसतील, असं त्याने सांगितलं.

“आणि भाऊराया कुठे आहेत?”

मार्हादी काचेखालच्या रंगीत कव्हरांकडे बघत राहिला.

“कळलं. बाई आहे ना भानगडीत?” ती म्हणाली. तिचा स्वतःचा नवरा असाच एकीच्या मागे बाताम बेटावर गेला होता, त्याची सगळी कहाणी तिने फोनला वायर जोडता जोडता सांगून टाकली. पुरुषांची जातच तशी, पण आईचे हाल बघवत नाहीत, म्हणून हे काम आपण अर्ध्या पैशात करू. फोनची काच एका कोपऱ्यात तडकली होती. रस्त्यावर चांगलाच आपटलेला दिसतो, असं म्हणून तिने तीही बदलून दिली.

मग तिने रस्ता आखला. जातिनेगारा स्टेशन, बाजार, खाणावळ, पुन्हा स्टेशन, संध्याकाळी खोली. सतत फिरणारा ठिपका खोटा म्हणून लगेच ओळखू येतो, त्याला चहाला थांबवायचं, सिग्नलला रेंगाळू द्यायचं.

“आणि शुक्रवारी दुपारी मशिदीपाशी तासभर,” ती म्हणाली. “सगळे चालक तेव्हा नमाजाला जातात. त्या वेळी फिरणारा ठिपका पहिला पकडला जातो.”

“घाल,” मार्हादी म्हणाला.

बाजाराबाहेर तो भात खायला बसला. मिरचीच्या ठेच्याने डोळ्यांत पाणी आलं, पण जिभेला तिखट लागलं नाही. हल्ली त्याला कशाचंच काही वाटत नव्हतं. कामावर जायचं, यायचं, आडवं व्हायचं.

पूर्वी तो आईला आठवड्यातून एकदा फोन करायचा, हल्ली रोज करू लागला. ती ठिपक्याच्या बातम्या द्यायची. आज स्टेशनला खूप वेळ उभा होता, भाडं मिळालं नसेल. आज वेळेवर जेवला. मार्हादी हं हं करायचा.

पहिल्या शुक्रवारी ती म्हणाली, “आज मशिदीत गेला होता.” मग तिने नाक ओढलं. तिला बरं वाटलं असणार, असं त्याला वाटलं, आणि कितीतरी दिवसांनी त्याच्या छातीवरचा भार जरा हलका झाला. कुलूप तोडलं ते बरंच झालं. त्या रात्री तो पोटभर जेवला.

पुढच्या शुक्रवारी तिने विचारलं, पोरगं दिसतं कसं? थोडा वाळलाय, पण बरा आहे, असं तो म्हणाला.

त्यानंतरच्या शुक्रवारी दुपारी तिचाच फोन आला. मार्हादी चक्की बंद करून अंगणात आला. ऑपरेशनची काळजी करू नकोस, मी येतोच आहे, असं त्याने सांगितलं.

“त्यासाठी नाही केला फोन,” आई म्हणाली. तिचा आवाज रोजच्यासारखाच होता. “आमचं कशावरून वाजलं, ते तुला माहीत नाही ना?”

“नाही.”

“मी म्हटलं, नमाजाला जात जा. तर म्हणाला, जिवंत आहे तोवर मशिदीची पायरी चढणार नाही.”

“माणूस बदलतो, आई.”

“मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं. रडले मी आनंदाने. पण तुझे रोज फोन यायला लागले, आणि त्याच्याबद्दल तू स्वतःहून एक शब्द बोलत नाहीस.”

मार्हादी अंगणातल्या सोयाबीनच्या पोत्यावर बसला.

“त्याला कुठे पुरलंस रे?” आईने विचारलं.