नवी जर्सी

रीसने जर्सी छातीशी धरली होती. उद्या तो रग्बी क्लबच्या मुख्य संघातून पहिल्यांदाच खेळणार होता. “सर, टेस्ट पास झालोय की!” तो मला, त्याच्या प्रशिक्षकाला, म्हणाला. गेल्या शनिवारी त्याच्या डोक्याला मार बसलेला. शब्द आठवून सांगायच्या स्मरणशक्तीच्या चाचणीत हंगामाआधीइतकेच गुण आले, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली. पण क्लबचे जुने खेळाडू तोंडपाठ असलेल्या पोराला हंगामाआधी दहातले चारच शब्द आठवावेत? तेव्हा मुद्दाम चुकायचं, म्हणजे पुढे डोकं आपटलं तरी गुण जुळतात, ही युक्ती त्याच्या बापाची. माझ्याबरोबरच खेळलेला तो, डोकं कितीदा आपटलं तरी असाच मैदानात उतरायचा. “उद्या बाहेर बसायचं,” मी म्हणालो. रीसचा फोन जाताच बाप तणतणत आला. “काय रे, माझ्या पोराला का बसवलंस?” मी नीट समजावलं. तो मान डोलावून फाटकापर्यंत गेला, थबकला, आत्ताच येत असल्यासारखा तणतणत परत आला. “काय रे, माझ्या पोराला का बसवलंस?” रीसने जर्सी माझ्या हातात ठेवली.