ट्रेवरची मुलगी

रसेलनं पिशवीत हात घालून ट्रे काढला आणि स्वयंपाकघराच्या टेबलावर आल्माबाईंपुढे ठेवला. ठेवल्यावर त्याच्या लक्षात आलं, आपण भलताच ट्रे काढला.

जुना पत्र्याचा गोल ट्रे. मधोमध गुलाबी गालांची एक मुलगी, हातात बिअरचा फेसाळलेला पेला. ओस्टरकाम्प ब्रुअरीच्या, म्हणजे गावातल्या जुन्या बिअरच्या कारखान्याच्या, जाहिरातीच्या ट्रेवर हीच मुलगी होती, आणि ती कोण हे स्लेट हॉलो गावातलं शेंबडं पोरही सांगायचं: मालकाची मुलगी, आल्मा ओस्टरकाम्प. पण या ट्रेच्या खालच्या काठावर ओस्टरकाम्प हे नाव नव्हतं. दूर ओहायो राज्यातल्या कुठल्याशा ब्रुअरीचं होतं.

ऐंशीला टेकलेल्या आल्माबाईंनी चष्मा लावला, काठावरचं नाव वाचलं आणि चष्मा काढून ठेवला.

"माफ करा, मिस आल्मा," रसेल म्हणाला. तो शेजारच्या गावातला प्लंबर. त्याला बिअरचे जुने ट्रे जमवायचा नाद होता, आणि त्याच्यासारख्याच नादिष्टांच्या मासिकासाठी तो ओस्टरकाम्प ब्रुअरीची हकिकत लिहीत होता. "हा मला लिलावात मिळाला. तुम्हाला दाखवायचा नव्हता."

"दाखवायचा नव्हता तर आणलास कशाला?"

रसेलनं ट्रे उचलायला हात पुढे केला.

"छापखान्याचा माणूस यायचा," आल्माबाई म्हणाल्या. "चित्रांचं जाडजूड पुस्तक घेऊन. त्यातलं एक निवडायचं आणि खाली आपलं नाव छापून घ्यायचं. वेगळा चित्रकार लावणं बाबांना कुठलं परवडणार? त्यांनी ही निवडली. ओहायोतल्या त्या माणसालाही हीच आवडली असेल. माझं नि हिचं काही जुळतंय का, बघ तरी."

रसेलनं बघितलं नाही. "मग अख्खं गाव म्हणतं ते?"

"ते माइकमुळे."

माइक वोइचिक ब्रुअरीचा गाडीवान होता. पहिल्या महायुद्धात जर्मनीशी लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. गावातली पोरं फ्रान्सला गेली होती आणि त्यातली काही परत येणार नव्हती. ओस्टरकाम्प घरात जर्मन बोलायचे, हिशेबसुद्धा जर्मनमध्येच करायचे. एका रविवारी आणखी एका घरी पोरगा गेल्याची तार आली, आणि दुपारी माणसं दगड आणि रॉकेलचे डबे घेऊन ब्रुअरीच्या फाटकाशी आली.

"बाबा टोपी हातात धरून दारात उभे. घाबरून त्यांच्या तोंडून एक इंग्रजी शब्द फुटेना. मी माडीवरच्या खिडकीत. तेवढ्यात माइक आत गेला, भिंतीवरचा ट्रे काढला आणि तो छातीशी धरून गाडीवर चढला. म्हणाला, 'दगड मारायचाय ना? मग हिला मारा. ही आपली आल्मा. इथंच जन्मली, इथंच तुमच्या पोरांना अक्षरं शिकवते. दर शनिवारी हिच्या हातची बिअर पिता, आणि आज दगड घेऊन आलात?'" आल्माबाईंनी ट्रे आपल्याकडे ओढला. "ट्रेची खोकी स्टेशनवरून त्यानंच आणली होती. ही मी नाही, हे त्याला पक्कं ठाऊक होतं."

"मग?"

"जो माणूस सगळ्यांच्या पुढे होता, त्याच्याच घरी तार आली होती. तो कितीतरी वेळ त्या ट्रेकडे बघत राहिला. मग तिथंच खाली बसून रडायला लागला. बाकीचे एकेक करून घरी गेले."

रसेलनं ट्रेच्या काठावरून बोट फिरवलं.

"त्यानंतर दारूबंदी आली आणि ब्रुअरी बंद पडली ती कायमची. माइकला कोळशाच्या खाणीत जावं लागलं. तिथं छत कोसळलं, त्यात तो गेला. त्याची तेरेसा एवढीशी होती तेव्हा. बापाची म्हणून तिच्याकडे ही एकच गोष्ट आहे, गाडीवर उभा राहिला ती. दुकानाच्या रांगेत सांगते, चर्चमध्ये सांगते. तिला मी काय सांगू, तुझा बाप खोटं बोलला?"

मागचं दार वाजलं. आल्माबाईंनी टेबलावरचा पंचा ओढला आणि ट्रेच्या खालच्या काठावर टाकला. मुलीचा चेहरा तेवढा उघडा राहिला.

तेरेसा वोइचिक कोबीच्या सूपचं भांडं घेऊन नेहमीसारखी न विचारता आत आली. तिचेही केस आता पांढरे झाले होते.

"आलाच का ट्रेवाला," ती म्हणाली आणि भांडं ठेवून चित्रावर वाकली. "हनुवटी बघ, रसेल. म्हातारी वाळून काटकी झाली, पण हनुवटी अजून तश्शीच."

"हो," रसेल म्हणाला.

"आणि माझ्या वडिलांचं नाव घालणार ना? नीट विचारून घे. आमचं आडनाव सगळे चुकीचं लिहितात. त्यांच्या थडग्यावरसुद्धा चुकलंय."

रसेलनं खिशातला कागद काढला. तेरेसा एकेक अक्षर सावकाश सांगत गेली, तो लिहीत गेला. लिहून झाल्यावर तिनं कागद हातात घेऊन स्वतः वाचला आणि परत दिला.

"आणि चित्राखाली काय लिहिणारेस?"

रसेलनं आल्माबाईंकडे बघितलं. त्या वाट्या मांडत होत्या.

"ब्रुअरीमालकाची मुलगी, आल्मा," तो म्हणाला, आणि तसंच लिहिलं.

आल्माबाईंनी तिसरी वाटी त्याच्यापुढे सरकवली.

"आणखी एक लिही," त्या म्हणाल्या. "चित्रकारानं मला दिवसभर बसवून ठेवलं होतं. मान नुसती आखडून गेली."

"हे मला कधी बोलली नाहीस," तेरेसा म्हणाली.

"तू विचारलंस कुठं?"

तेरेसानं सूप वाढायला घेतलेला डाव खाली ठेवला, आल्माबाईंच्या मागे जाऊन उभी राहिली आणि हसत हसत त्यांची मान चोळायला लागली. आल्माबाईंनी डोळे मिटून घेतले.