गोठ्यावरचा हॅलोजन

मेसिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाच्या यादीतले सगळे तारकागुच्छ आणि तेजोमेघ हर्षलनं कॅमेऱ्यात पकडले होते. राहिली होती एकच आकाशगंगा, आणि ती श्रीरामपूरजवळच्या या उसाआड मावळायला निघाली होती. आज हुकली की थेट दिवाळीनंतर. म्हणून फोटो होईपर्यंत गोठ्यावरचा हॅलोजन लावायचा नाही, असा शब्द त्यानं शेतमालक रंभाजीमामांकडून घेतला होता. शटर उघडं असतानाच उसात पाचट करकरलं. दावणीची कालवड हंबरली. मामांचं बोट बटनावर होतं. "बिबट्या हाय," ते कुजबुजले, "पर शब्द दिलाय. तुमीच सांगा." फोटोला अजून एक मिनिट हवं होतं. आकाशगंगा गप्प होती. कालवड पुन्हा हंबरली. "लावा, मामा." लख्ख उजेडात बिबट्या मागच्या मागं पसार झाला. कॅमेऱ्याच्या पडद्यावर पांढराफटक चौकोन उमटला. मामा वाकून कौतुकानं बघत राहिले. "लई उजेड हाय की तुमच्या आकाशगंगेत."